भारत–संयुक्त अरब अमिराती सर्वसमावेशक आर्थिक भागीदारी करार

भारत–संयुक्त अरब अमिराती सर्वसमावेशक आर्थिक भागीदारी करार (सेपा) हा १८ फेब्रुवारी २०२२ रोजी स्वाक्षरी झालेला व १ मे २०२२ पासून अमलात आलेला द्विपक्षीय करार आहे. पूर्वीचे काही व्यापार करार मुख्यतः आयात शुल्कापुरते मर्यादित असत. या करारात सेवा, डिजिटल व्यापार, सरकारी खरेदी, गुंतवणूक, बौद्धिक संपदा व तंटा निवारण हे विषयही येतात.

वस्तुव्यापार

अमिरातीने आपल्या शुल्कसूचीतील ९७ टक्क्यांहून अधिक वर्गांत सवलत दिली असून, मूल्याच्या दृष्टीने भारताची ९९ टक्के निर्यात त्यांत मोडते. भारताने ९० टक्क्यांहून अधिक वर्गांत सवलत दिली. मात्र दुग्धजन्य पदार्थ, फळे, भाज्या, तृणधान्ये व साखर यांसारखे संवेदनशील पदार्थ वगळले. त्यामुळे अहिल्यानगर जिल्ह्यातील बेलापूर–श्रीरामपूरसारख्या ऊस पिकवणाऱ्या भागातील साखरेचे शुल्कसंरक्षण या कराराने कमी झालेले नाही.

मूळ देशाचे नियम

सवलतीसाठी माल निर्यातदार देशातच पिकलेला किंवा तेथे त्यावर पुरेशी प्रक्रिया झालेली असावी लागते. तिसऱ्या देशाचा माल केवळ दुबईमार्गे आणून सवलत मिळवता येऊ नये, हा या नियमांचा हेतू आहे.

मानके

अन्नसुरक्षा, वनस्पती-आरोग्य व तांत्रिक मानके यांसाठी करारात स्वतंत्र प्रकरणे आहेत. अमेरिका, युरोपीय संघ, जपान अशा ठराविक देशांच्या नियामकांनी मान्य केलेल्या भारतीय औषधांना अमिरातीत ९० दिवसांत नोंदणी देण्याची तरतूद आहे.

मर्यादा

शुल्कसवलत म्हणजे निर्यातीची हमी नव्हे. करार लागू असतानाच भारत सरकारने ८ डिसेंबर २०२३ पासून कांदा निर्यातीवर बंदी घातली. तिचा फटका नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांतील कांदा उत्पादकांना बसला. मार्च २०२४ मध्ये अमिरातीसाठी १४,४०० टन कांदा नॅशनल कोऑपरेटिव्ह एक्स्पोर्ट्स लिमिटेडमार्फत पाठवण्यास परवानगी मिळाली. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली. पण प्रतिटन ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य व ४० टक्के निर्यात शुल्क लागू झाले. हे शुल्क पुढे २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून रद्द झाले.

जागतिक व्यापार संघटनेच्या गॅट कराराचे ११वे कलम अन्नपदार्थांची तीव्र टंचाई टाळण्यासाठी तात्पुरते निर्यात निर्बंध घालण्याची मुभा देते. त्यामुळे शेतमालाची निर्यात परदेशातील सवलतीइतकीच स्वदेशाच्या निर्यात धोरणावरही अवलंबून असते.