उल्लेखांची गणना आणि संशोधनाचे मोल

एखाद्या शोधनिबंधाचा आधार पुढील किती निबंधांनी घेतला, याची मोजणी म्हणजे उल्लेखगणना. हर्श यांनी २००५ साली सुचविलेल्या एच-निर्देशांकानुसार, ज्याच्या १० निबंधांना प्रत्येकी किमान १० उल्लेख लाभले, त्याचा निर्देशांक निदान १० होय.

दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी कमलाबाई सोहोनी यांना १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळाली, ती अवघ्या ४० पानांच्या प्रबंधावर. पेशींच्या श्वसनास आवश्यक असे सायटोक्रोम-सी वनस्पतींतही असते, हे त्यांनी दाखविले. पुढे मुंबईस त्यांनी नीरेचे पोषणमूल्य अभ्यासिले. कुपोषित आदिवासी बालकांना तिचा उपयोग व्हावा, हा हेतू.

उल्लेखगणनेवरून निबंधाचा अभ्यासकांतील प्रसार कळतो. बालकाच्या अंगी लागलेल्या पोषणाची नोंद तीत होत नाही. म्हणून तो आकडा पाहावा; केवळ त्यावर निवाडा देऊ नये.