विश्लेषण : घरातल्या छोट्या संगणकाचा ‘पत्ता’ सारखा का बदलतो? तो कायम ठेवायचा कसा?

मोबाइलमधील फोटोंचा बॅकअप घेण्यासाठी अनेक जण ‘रास्पबेरी पाय’सारखा तळहातावर मावणारा संगणक घरी ठेवतात. मात्र, वीज जाऊन आली की कधी कधी तो वायफायवर सापडेनासा होतो आणि बॅकअप थांबतो. अनेकदा हे लक्षात येते ते फोन हरवल्यावरच.

पत्ता का बदलतो?

राउटर घरातल्या प्रत्येक उपकरणाला आयपी पत्ता देतो. उदाहरणार्थ, १९२.१६८.१.७. हा पत्ता कायमचा नसतो, ठरावीक मुदतीसाठी भाड्याने दिलेला असतो. या व्यवस्थेला ‘डीएचसीपी’ म्हणतात. मुदत संपली किंवा राउटर नव्याने सुरू झाला, की तोच पत्ता घरातल्या दुसऱ्या फोनला मिळू शकतो. बॅकअपचे अॅप मात्र जुन्याच पत्त्यावर संगणक शोधत राहते.

संगणकातच पत्ता पक्का केला तर?

एकाच घरात हे चालून जाते. पण आई-वडील ठाण्यात आणि स्वतःचे घर डोंबिवली किंवा कल्याणमध्ये असेल, तर बॅगेतून नेलेला संगणक दुसऱ्या घरी अडतो. एका घरातले पत्ते १९२.१६८.१ ने, तर दुसऱ्या घरातले १९२.१६८.० ने सुरू होत असतील, तर वायफाय जोडलेले दिसते, पण संगणक उघडत नाही. शिवाय राउटरने तोच पत्ता आणखी कोणाला दिल्यास दोन्ही उपकरणांची जोडणी बिघडते.

मग योग्य उपाय कोणता?

पत्ता संगणकात नव्हे, राउटरमध्ये राखून ठेवावा. राउटरच्या सेटिंगचा पत्ता बहुधा त्याच्या खालच्या स्टिकरवर असतो. तो ब्राउझरमध्ये उघडून ‘डीएचसीपी’ विभागात ‘अॅड्रेस रिझर्व्हेशन’ शोधावे. तिथे संगणकाचा मॅक क्रमांक आणि हवा तो पत्ता नोंदवून संगणक पुन्हा सुरू करावा. संगणकातली सेटिंग ‘ऑटोमॅटिक’च ठेवावी. दोन्ही घरांच्या राउटरमध्ये एकदाच ही नोंद केली, की काम झाले.

कोणती काळजी घ्यावी?

वायफाय आणि केबल यांचे मॅक क्रमांक वेगळे असतात. ज्या मार्गाने संगणक जोडणार, त्याचाच क्रमांक नोंदवावा. विंडोज लॅपटॉपमध्ये घरच्या वायफायपुरते ‘रँडम हार्डवेअर अॅड्रेसेस’ बंद ठेवावे. अन्यथा क्रमांक बदलून नोंद निरुपयोगी ठरते. राउटर बदलल्यास नोंद पुन्हा करावी लागते.

आकड्यांऐवजी नाव चालेल का?

चालते. संगणकाचे नाव, त्यापुढे टिंब आणि ‘लोकल’ असे इंग्रजीत टाइप केल्यास तो दोन्ही घरांत एकाच नावाने सापडतो. ‘मल्टिकास्ट डीएनएस’ या पद्धतीचे मानक २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. काही जुन्या अँड्रॉइड फोनवर मात्र हे नाव चालत नाही. तिथे राखीव पत्ताच कामी येतो.

पत्ता कायम केल्याने धोका वाढतो का?

नाही. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते केवळ घरातल्या जाळ्यापुरते असतात. लाखो घरांत तेच आकडे वापरले जातात आणि इंटरनेटवरून ते थेट उघडत नाहीत. त्यामुळे लोकलमध्ये बसून मोबाइल डेटावर हा पत्ता टाकला, तरी घरचा संगणक दिसणार नाही. त्यासाठी राउटरचे पोर्ट बाहेरच्यांना खुले करणे मात्र धोक्याचे ठरू शकते.