लाकडाचे धनुष्य आणि त्याचा बाक

एखादे अवघड काम अंगावर घेतले की आपण म्हणतो, "हे शिवधनुष्य मी उचलले आहे." रामायणातील ती कथा आपल्या मनात इतकी रुजली आहे की, धनुष्य म्हटले म्हणजे ते उचलणारा, वाकविणारा आणि मोडणारा वीरच आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. ते घडविणाऱ्या कारागिराची आठवण कोणालाच होत नाही. खुद्द कारागिराला मात्र ती कथा ऐकून निराळीच शंका येईल. पुष्कळ दिवस पडून राहिलेले धनुष्य एकदम पूर्ण ताणू नये, असा या धंद्यातला साधा नियम आहे. जनकाच्या घरी तो कोणी सांगितला नसावा!

विनोद सोडला, तरी धनुष्य मोडते कसे हे समजले म्हणजे ते घडते कसे हेही समजते. त्यासाठी इंग्लंडातील लांब धनुष्याचे, म्हणजे ज्याला तिकडे लाँगबो म्हणतात त्याचे, उदाहरण घेणे सोयीचे आहे. लाकूड मातीत टिकत नसल्यामुळे जुनी धनुष्ये सहसा हाती लागत नाहीत. पण आठव्या हेन्रीचे 'मेरी रोझ' नावाचे लढाऊ जहाज १९ जुलै १५४५ रोजी पोर्टस्मथजवळ बुडाले आणि समुद्राच्या गाळात रुतून बसले. १९८२ च्या ऑक्टोबरात त्याचा सांगाडा वर काढण्यात आला. त्या जहाजातून दीडशेहून अधिक धनुष्ये आणि हजारो बाण मिळाले. धनुष्यांची लांबी सुमारे सहा फूट दोन इंचांपासून सहा फूट अकरा इंचांपर्यंत आहे. त्यांचा जोर अभ्यासकांनी साधारणपणे १०० ते १८० पौंडांच्या दरम्यान धरला आहे. येथे जोर म्हणजे दोरी पूर्ण ओढली असता बोटांवर पडणारा ताण. आज हौसेने तिरंदाजी करणाऱ्यास चाळीस-पन्नास पौंडांचे धनुष्य पुरे होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या सैनिकांच्या खांद्यांची कल्पना येईल.

ही धनुष्ये यू नावाच्या सूचिपर्णी वृक्षाची आहेत. हिमालयात ज्याला थुनेर म्हणतात तो या वृक्षाचा भाऊबंद. यूच्या ओंडक्यात सालीलगत फिकट, पांढुरके लाकूड असते आणि आत तांबूस गाभा असतो. धनुष्य ताणले की त्याची बाहेरची बाजू, म्हणजे पाठ, ओढली जाते. धनुर्धराकडची बाजू, म्हणजे पोट, दाबले जाते. यूचे पांढरे लाकूड ओढ उत्तम सोसते आणि तांबूस गाभा दाब उत्तम सोसतो. कारागिराने ओंडका असा फोडायचा की पांढरे लाकूड पाठीवर आणि गाभा पोटात यावा. दोन निरनिराळे पदार्थ सांधून जे साधावे लागते, ते या झाडाने आयतेच करून ठेवले आहे. अर्थात एल्म, अॅश इत्यादी लाकडांचीही धनुष्ये होत. आपल्याकडे नंदुरबार-झाबुआकडील भिल्ल आपला कामठा बांबूचा करतो आणि त्याची दोरीही बांबूच्या चिपेचीच असते. जवळ जे झाड असेल त्याचा स्वभाव ओळखणे, हेच सगळीकडचे पहिले काम.

इंग्लंडात मात्र उत्तम यू पुरेनासे झाले. १४७२ मध्ये तेथे असा कायदा झाला की, परदेशी व्यापाऱ्याने आणलेल्या ठराविक मालामागे धनुष्याच्या चार काठ्या आणल्याच पाहिजेत. पुढे ही मागणी वाढतच गेली आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस बव्हेरिया आणि ऑस्ट्रियाकडील यूची राने पार उजाड झाली. एका देशाच्या लष्करी गरजेने दुसऱ्या देशाचे डोंगर बोडके होण्याचा हा प्रकार काही आजचा नव्हे.

असो. काठी फोडली, तिची टोके चीर पडू नये म्हणून डिंकाने किंवा रंगाने बंद केली आणि सावलीत वर्षभर किंवा त्याहून अधिक वाळू दिली, म्हणजे खरे काम सुरू होते. ओल राहिली तर धनुष्य वाकून तसेच राहते. लाकूड फाजील सुकले तर तडकते. पाठीवरचे तंतू होता होईल तो अखंड ठेवतात, कारण तुटण्याची सुरुवात पुष्कळदा तेथूनच होते. गाठ आली तर तिच्याभोवती थोडे लाकूड जास्त राखतात. सरळ रेघेच्या मोहाने गाठीवर कानस फिरविणारा पुढे पस्तावतो. तासायचे ते पोट. मध्ये जाड आणि टोकांकडे निमुळती होत जाणारी, छेद घेतला तर इंग्रजी 'डी' अक्षरासारखी दिसणारी काठी तयार झाली, की दोन्ही टोकांस खाचा पाडून सैल दोरी लावतात.

यापुढची पायरी म्हणजे बाक जुळविणे, आणि सारी कसोटी येथेच आहे. एका उभ्या फळीच्या माथ्यावर धनुष्याची मूठ टेकवतात. फळीच्या कडेला ठराविक अंतरावर खाचा असतात. दोरी एकेका खाचेत खाली अडकवीत जायचे आणि चार पावले मागे सरून पाहायचे. दोन्ही भुजा सारख्या वाकतात काय? एखादी जागा कोनासारखी दुमडते काय? एखादा भाग काठीसारखा ताठ राहतो काय? पूर्वी ही परीक्षा केवळ नजरेची असे. आता बहुतेकजण कप्पी, दोर आणि ताणकाटा वापरतात, पण नजरेला पर्याय नाही.

समजा, एका जागी धनुष्य फार वाकते आहे. नवशिक्याचा हात सहजच त्या जागेकडे जातो. पण दोष तेथे दिसत असला, तरी उपाय तेथे नाही. ती जागा अशक्त आहे. तेथले लाकूड आणखी काढले तर ती अधिकच अशक्त होईल, आणि काढलेले लाकूड परत लावता येत नाही. म्हणून त्या जागेला हात न लावता तिच्या दोन्ही बाजूंचे ताठ भाग खरवडायचे, म्हणजे भार सगळीकडे वाटला जातो. थोडक्यात, दुबळ्याला बळ देणे कारागिराच्या हाती नसते. बलवानाला थोडे नरम करणे एवढेच त्याला शक्य असते. त्याची किंमतही पडते. प्रत्येक दुरुस्तीबरोबर धनुष्याचा एकूण जोर कमी होतो.

तो किती कमी होतो, याचा हिशेब चकित करणारा आहे. रुंदी दहा टक्क्यांनी कमी केली तर त्या जागेचा ताठपणा दहा टक्केच घटतो. पण जाडी दहा टक्क्यांनी कमी केली तर तो सुमारे २७ टक्क्यांनी घटतो, कारण ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो. म्हणूनच शेवटी शेवटी कानसही बाजूला ठेवून काचेच्या तुकड्याने किंवा पोलादी पातीने केसाएवढे खरवडतात. खरवडले की दोरी पंचवीस-तीस वेळा हलकेच ओढून सोडायची, कारण केलेला बदल लाकडात उमटायला थोडा अवधी लागतो. ही वाट न पाहता पुन्हा खरवडणाऱ्याच्या हातात साठ पौंडांऐवजी मुलांच्या खेळण्याचे धनुष्य उरते. बाक सदोष दिसत असेल तोवर धनुष्य पुढे ताणायचेच नाही, आणि योजलेल्या जोरापलीकडे तर कधीच ओढायचे नाही. खालची भुजा किंचित ताठ ठेवतात, कारण हाताची मूठ मध्याच्या थोडी खाली येते.

'मेरी रोझ' बुडाले त्याच १५४५ साली रॉजर अॅस्कम या विद्वानाने तिरंदाजीवर 'टॉक्सोफिलस' हे पुस्तक लिहिले. नवे धनुष्य घेतल्यावर ते जड बाणांनी मैदानात चालवून पाहावे, कोठे जास्त वाकते ते ओळखावे, आणि मग चांगल्या कारागिराकडून ते आखूड करून, खरवडून, गोलाईत आणून घ्यावे, असा त्याचा सल्ला आहे. म्हणजे विकत घेतलेले धनुष्यही तेव्हा अर्धवटच समजले जाई. आखूड करण्यात एक दिलासा असतो, तो असा की टोके कापली तर गेलेला जोर काही अंशी परत मिळतो. मात्र लाकडावरील ताणही वाढतो.

बाक मनासारखा जुळला की टोकांवर शिंगाच्या टोप्या बसवितात, अंबाडी किंवा जवसाच्या तंतूंची दोरी चढवितात आणि लाकडाला तेल व मेण लावतात. दोरी आणि मूठ यांमधले अंतर जुने लोक हातानेच मोजत. मूठ वळून अंगठा ताठ केला म्हणजे जेवढी उंची होते, तेवढे ते ठेवीत. काम संपले की दोरी उतरवायची. तरीही काही दिवसांनी धनुष्य पोटाकडे इंच-दीड इंच वाकलेलेच राहिलेले दिसते. त्याला दोष मानू नये. चांगल्या यूच्या धनुष्यालाही तो बाक येतोच.