हर्राशीतील सचोटी

वस्तूचा भाव ठरविण्याचे दोन मार्ग आहेत. एकात विकणारा किंमत सांगतो आणि घेणारा घासाघीस करतो. दुसऱ्यात घेणारेच एकमेकांवर चढ करतात. या दुसऱ्या मार्गास आपण हर्रास अथवा लिलाव म्हणतो. त्याचे सारे बळ एकाच गोष्टीत आहे, ती म्हणजे प्रत्येक बोली खरी असली पाहिजे.

खानदेशास हा विषय नवा नाही. कापसाच्या पेठांत एके काळी रुमालाखाली बोटे दाबून सौदे होत. भाव अडत्याला कळे, व्यापाऱ्याला कळे. ज्याचा कापूस तो शेतकरी मात्र शेजारी अंधारात उभा असे. बाजारास शिस्त लावण्यासाठी शेजारच्या वऱ्हाडात १८९७ साली आणि मुंबई इलाख्यात १९२७ साली कायदे झाले. या दुसऱ्या कायद्याखाली धुळ्यास कापसाचा नियंत्रित बाजार उभा राहिला. महाराष्ट्राचा बाजार समित्यांचा कायदा १९६३ चा आहे. या साऱ्या प्रयत्नांचे सार एवढेच की रुमाल दूर व्हावा आणि भाव चारचौघांत पुकारला जावा.

आज हर्रास संगणकावर आणि मोबाईलवर आली आहे. १४ एप्रिल २०१६ रोजी राष्ट्रीय कृषी बाजार, म्हणजेच ई-नाम, सुरू झाला. बँका थकलेल्या कर्जाची घरे-दुकाने याच रीतीने विकतात. परगावचा ग्राहक घरबसल्या बोली लावू शकतो, हा मोठाच लाभ. परंतु बोलणाऱ्याचे तोंड दिसत नाही. म्हणून रुमालाची जागा या पडद्याने घेऊ नये, याची काळजी घ्यावी लागते. फसवणुकीच्या वाटा मुख्यतः तीन आहेत.

पहिली, विकणाऱ्याने उभा केलेला खोटा गिऱ्हाईक. समजा, एका जुन्या घड्याळासाठी तुमची मर्यादा ६,००० रुपये आहे, दुसऱ्या ग्राहकाची ५,००० आणि प्रत्येक चढ १०० रुपयांचा. ईबेसारख्या ठिकाणी यंत्र तुमची मर्यादा गुप्त ठेवून तुमच्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढविते. घड्याळ तुम्हांस ५,१०० रुपयांस मिळावयास हवे. पण विक्रेत्याच्या मेहुण्याने मध्येच ५,९०० ची बोली लावली, तर तुम्हांस ६,००० मोजावे लागतात. नऊशे रुपये गेले आणि चोर दिसलाही नाही! १९३० च्या माल विक्री कायद्याचे कलम ६४ येथे स्पष्ट आहे. किमान राखीव किंमत ठेवण्यास विक्रेता मोकळा आहे. स्वतः बोली लावण्याचा हक्कही त्याने आधी जाहीर करून राखता येतो. मात्र लबाडीच्या बोलीने भाव चढविला, तर तो सौदा रद्द करण्याचा अधिकार ग्राहकास मिळतो.

दुसरी वाट घेणाऱ्यांच्या संगनमताची. चौघे व्यापारी आपसांत ठरवितात की या ढिगावर एकानेच बोलावे. क्विंटलमागे ५०० रुपये घटले, तरी वीस क्विंटलवर शेतकऱ्याचे दहा हजार बुडतात. २००२ च्या स्पर्धा कायद्याने अशा संगनमतास मनाई केली आहे.

तिसरी, बोली जिंकून पैसे न भरणे. यात विक्रेत्याचा वेळ जातो आणि प्रामाणिक ग्राहक निघून जातो. म्हणूनच अनामत रक्कम आधी घेतात. बँकेने विकलेल्या तारण स्थावराच्या बाबतीत २५ टक्के रक्कम त्याच दिवशी, फार तर पुढील कामकाजाच्या दिवशी भरावी लागते. चुकल्यास ठेव जप्त होते.

शेवटच्या क्षणी बोली लावणे ही मात्र लबाडी नव्हे. नियमांत बसते तोवर ती हुशारीच म्हणावी. अनेक बँकांच्या लिलावांत अखेरच्या पाच मिनिटांत बोली आली की वेळ आणखी पाच मिनिटे वाढते. जुन्या हर्राशीतील ‘एक वार, दोन वार, तीन वार’ याचेच हे नवे रूप.

तेव्हा ग्राहकाने अटी वाचाव्यात, माल किंवा कागदपत्रे पाहावीत आणि आपली मर्यादा आधी ठरवून ती ओलांडू नये. विक्रेत्याने मालातील दोष लपवू नये. कायदा तक्रारीनंतर धावतो. बाजार मात्र रोज भरतो. तो टिकतो शब्द पाळणाऱ्या माणसांवर. बोली म्हणजे दिलेला शब्द, मग तो पेठेत उच्चारलेला असो वा बोटाने दाबलेला.