ताट आतूनही घासायला हवं

उपासतापास, सोवळंओवळं, सणवार, मोठ्यांचा मान... बाईच्या चांगुलपणाची आपल्याकडे एक यादीच तयार असते. उलटून बोलत नाही, सगळ्यांची जेवणं झाल्यावर जेवते, देवाधर्माचं सगळं करते, म्हणजे बाई चांगली. त्यात "स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही हो तिनं" असं कुणी म्हटलं की झालंच! जणू पदकच. मैत्रिणींनो, हे पदक आपणही एकमेकींना देत असतोच की. पण यादीतलं सगळं करणारं माणूस आतूनही तसंच असतं का? आणि स्वतःला विसरायचं म्हणजे नक्की काय विसरायचं?

ख्रिस्ती धर्मात हा प्रश्न अगदी मुळाशी आहे. येशूनं आपल्या काळच्या कर्मठ धर्मपंडितांना सुनावलं, की तुम्ही ताटवाटी बाहेरून लख्ख घासता, आत मात्र हावरेपणा तसाच राहतो. रोज भांडी घासणाऱ्या बाईला हे वेगळं समजावून सांगायला नको! माझा शिष्य व्हायचं तर रोज स्वतःला नाकारायचं आणि आपला क्रूस उचलायचा, असंही त्याचं सांगणं. लहानपणापासून सगळे नियम पाळलेला एक श्रीमंत माणूस त्याच्याकडे आला. 'आता आपलं सगळं विकून गरिबांना दे' म्हटल्यावर मात्र त्याचा चेहरा उतरला. नियम पाळणं त्याला जमलं होतं, मूठ सोडणं जमेना.

मी काही ख्रिस्ती नाही. पण या शिकवणुकीचा अर्थ मला उमगला तो आपल्याच मराठी मातीतल्या एका बाईमुळे, पंडिता रमाबाईंमुळे.

रमाबाईंचा जन्म 1858 सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं आणि आईनं रमेला. तीर्थयात्रा, व्रतं, दानधर्म यांत या कुटुंबानं काही म्हणजे काही कमी केलं नाही. तरीही दुष्काळात आई, वडील, बहीण गेली. उरली रमा आणि तिचा भाऊ. पुढे 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी या मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलं. लग्न झालं, लेक मनोरमा झाली आणि 1882 मध्ये पती गेले. 1883 मध्ये रमाबाई लेकीला घेऊन इंग्लंडला गेल्या.

तिथे त्यांनी एक नवल पाहिलं. ज्यांना समाज 'वाया गेलेल्या' म्हणतो, अशा बायकांची सेवा ख्रिस्ती भगिनी करत होत्या. दूषणं नाहीत, तिरस्कार नाही. हे कसं, असं विचारल्यावर त्यांना शोमरोनी बाईची गोष्ट सांगण्यात आली. पाच नवरे झालेली ही बाई. तिच्या जातकुळीच्या हातचं पाणी यहुदी लोक घेत नसत. येशूनं भर दुपारी विहिरीवर तिच्याकडे पाणी मागितलं आणि तिच्याशी धर्माचं बोलणं केलं. चांगुलपणाच्या यादीत जिचं नावच नव्हतं, तिच्याशी! रमाबाईंच्या मनाला हे भिडलं. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पण खरी गंमत पुढेच आहे. सुमारे आठ वर्षांनी रमाबाईंच्या लक्षात आलं, की आपण धर्म तर स्वीकारला, पण ख्रिस्त काही आपल्याला भेटला नाही. बाप्तिस्मा झाला, ग्रंथ वाचले, प्रार्थना केल्या, हे सगळं ताटाच्या बाहेरच्या बाजूला. आपल्या विद्वत्तेवरची, आपल्या चांगुलपणावरची भिस्त सोडायची राहिलीच होती. एवढ्या मोठ्या पंडितेनं हे स्वतः लिहून ठेवलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता कुणी म्हणेल, म्हणजे पुन्हा बाईनं मान खाली घालायची! तर तसं मुळीच नाही. इंग्लंडमधल्या धर्मगुरूंशी रमाबाई बिनधास्त वाद घालत. शाकाहार त्यांनी सोडला नाही. स्वतःला नाकारणं म्हणजे दुसऱ्याच्या हुकमाखाली जाणं नव्हे, हे त्या पक्कं ओळखून होत्या.

1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, पुढे ते पुण्याला आणलं. तिथे शिकलेल्या गोदूबाई म्हणजेच पुढच्या आनंदीबाई कर्वे. मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात, यावरून 1893 मध्ये वादळ उठलं. रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार दूर झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. विश्वासानं मुली पाठवणाऱ्या पालकांचा राग अगदीच अनाठायी होता, असं मला म्हणवत नाही. पण रमाबाईंची ज्या समाजात वाहवा झाली होती, तिथलंच त्यांचं नाव गेलं. मोठेपणा सुटला, काम मात्र त्यांनी सोडलं नाही.

1896 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली-बायका घेऊन आल्या. भुकेनं माणूस कसं मरतं, हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं ना! पुण्याजवळच्या केडगावला 'मुक्ती' उभं राहिलं. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विणकाम, शेती, छापखाना, अंधांसाठी ब्रेल... समाजानं टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदन. बायबलचं मराठी भाषांतर करण्यासाठी रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. साध्या बाईला कळेल असं मराठी हवं, हा त्यांचा हट्ट. टाइप जुळवायला मुक्तीतल्याच बायका. 1921 मध्ये लेक मनोरमा गेली आणि 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई. केडगावचं काम आजही चालू आहे.

बघा ना, मुक्तीत आलेल्या बायकांचं 'स्व' दुसऱ्यांनीच पुसलेलं होतं. केशवपन, उपासमार, टोमणे... तो त्याग नव्हे, ती लूट. त्यांना रमाबाईंनी 'आणखी सोसा' असं सांगितलं नाही. हातात पाटी दिली, माग दिला, स्वतःच्या पायावर उभं केलं. सोडलं ते रमाबाईंनी, तेही आपल्या मर्जीनं.

म्हणून मला वाटतं, त्यागाची पारख दोन प्रश्नांनी करावी. हे मी आपणहून सोडते आहे, की माझ्याकडून काढून घेतलं जातंय? आणि माझ्या सोडण्यानं कुणी उभं राहतंय, की नुसतं माझं नाव होतंय? पहिल्याचं उत्तर 'काढून घेतलं जातंय' असं आलं, तर तोंड उघडायला हवं. दुसऱ्याचं 'नाव होतंय' असं आलं, तर ताट पुन्हा घासायला घ्यावं. या वेळी आतून.