मोशन डिझाइनची पदवी : चेंडूचा टप्पा

कराडहून एका पालकांचं पत्र आलंय. मुलगी पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे. ‘दोन आठवडे झाले, पेन्सिलीनं नुसते चेंडू काढतेय. एवढी फी भरून हेच शिकायचं का?’ असं त्यांनी विचारलंय.

ताई, हेच शिकायचं. अहमदाबादच्या एनआयडीत चार वर्षांच्या बी.डेस.चं पहिलं वर्ष ‘फाउंडेशन’ म्हणून सगळ्या शाखांना सारखंच असतं, ते उगीच नाही. आणि चेंडू तर माझा फार लाडका.

सेकंदाला २४ फ्रेम धरा. सव्वा मीटरवरून सोडलेला चेंडू साधारण अर्ध्या सेकंदात, म्हणजे १२ फ्रेममध्ये जमिनीला टेकतो. पहिल्या फ्रेममध्ये तो जेमतेम साडेआठ मिलिमीटर उतरतो. पुढच्या फ्रेममध्ये त्याच्या तिप्पट, मग पाचपट, मग सातपट. विषम संख्यांचा हा हिशेब गॅलिलिओचा. बाराव्या फ्रेमला तो एका दमात जवळजवळ २० सेंटिमीटर कापतो! मुलं आधी बाराही चेंडू सारख्या अंतरावर काढतात. कागद फडफडवून बघितलं, की चेंडू पडत नाही, दोरीनं खाली सोडल्यासारखा उतरतो.

किती फ्रेम, हे टायमिंग. त्या फ्रेममध्ये अंतराची वाटणी कशी, हे स्पेसिंग. फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांच्या १९८१च्या पुस्तकात अ‍ॅनिमेशनच्या बारा तत्त्वांमधलं पहिलं स्क्वॉश-स्ट्रेच आहे, पण मी ते उशिरा शिकवतो. चेंडू चपटा करण्यात मुलं इतकी रमतात, की अंतरं चुकीची ती चुकीचीच राहतात.

आफ्टर इफेक्ट्स या सॉफ्टवेअरमध्ये दोन कीफ्रेम ठेवून एफ-नाइन दाबलं, की ‘ईझी ईझ’ लागतं : सुरुवात हळू, शेवटही हळू. पडत्या चेंडूला ते लावलं, तर तो जमिनीपाशी येऊन ब्रेक मारतो. हातानं चेंडू काढलेल्या मुलीला ते लगेच खटकतं. ती ग्राफ एडिटर उघडते आणि जमिनीला टेकेपर्यंत वेग चढता ठेवते.

गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीनं चेंडूऐवजी ‘टप्पा’ हा शब्दच वरून टाकला. ‘ट’ आणि ‘प्पा’ मागेपुढे पडले, की शिरोरेखा तुटायची. एकत्र पडले, की शब्द फळीसारखा आदळायचा. तीन दिवस ती फक्त अंतरं बदलत बसली. शेवटी ‘ट’ आधी टेकला, दोन फ्रेमनंतर ‘प्पा’. आणि उसळीच्या माथ्यावर, जिथे अंतरं केसाएवढी होतात, तिथे शिरोरेखा जुळली.