सरू सुकायला कुठून लागतो

1928 साली कॅलिफोर्नियात विलिस वॅगनर या वनरोगतज्ज्ञाने सरूच्या एका नव्या रोगाची नोंद केली. (हा सरू म्हणजे कोकणच्या किनाऱ्यावरचा सुरू नव्हे, तो वेगळ्याच कुळातला.) आजारी झाडं होती माँटेरे सरूची. या जातीचं मूळ घर अगदी इवलंसं आहे. सायप्रस पॉइंट आणि पॉइंट लोबोस या समुद्रकाठच्या दोन राया, तेवढंच. तिथं हवा गार असते आणि उन्हाळ्यातही धुकं उतरतं. पण झाड झपाट्यानं वाढतं, वारा छान अडवतं, म्हणून लोकांनी ते किनाऱ्यापासून आत, उन्हाच्या खोऱ्यांत कुंपणाला ओळीनं लावलं. तिथं ते मरू लागलं. मूळच्या राया मात्र बहुतांशी वाचल्या.

गेल्या शंभरेक वर्षांत सरूवर जे जे आलं, त्याची मेख मला याच पहिल्या नोंदीत दिसते. रोग एका बुरशीमुळे होतो आणि तिला ऊब मानवते. उन्हाच्या आणि पाण्याच्या ताणात असलेलं झाड तिला थोपवू शकत नाही. 1939 मध्ये वॅगनरने तिचं शास्त्रीय वर्णन केलं. आज ती सेरिडियम कार्डिनाले या नावाने ओळखली जाते.

ती शिरते सालीच्या जखमेतून. गारपीट, कडाक्याच्या थंडीने पडलेली चीर, छाटणीचा काप, किड्याने कुरतडलेली जागा, काहीही चालतं. सालीवर लांबट, किंचित खोल गेलेला डाग पडतो, त्याच्या कडेला भेग जाते आणि भेगेतून राळ ओघळते. नखाने साल खरवडावी. निरोगी जागी आतला थर ओला, हिरवट-पांढरा असतो. डागाखाली तो तांबूस-तपकिरी झालेला दिसतो. जुन्या डागावर मोहरीहूनही बारीक काळे ठिपके उठतात. बीजाणू त्यांतच तयार होतात आणि पावसाच्या थेंबांबरोबर उडून खालच्या फांद्यांवर पडतात. डागाने फांदीला पुरता वेढा घातला की वरचा सगळा भाग आधी पिवळा आणि मग विटकरी होतो.

हा रोग 1944 मध्ये फ्रान्समध्ये आणि 1951 मध्ये इटलीत, फ्लोरेन्सला नोंदला गेला. टस्कनीच्या टेकड्या, वाडे, दफनभूमी, शेतरस्ते या सगळ्यांची ओळख सरूच्या रांगांनीच आहे. 1970 च्या दशकात तिथं साथ भडकली. टस्कनीतल्याच बोलगेरी गावचा रस्ता पाहा. सान ग्वीदोपासून गावापर्यंत जवळजवळ पाच किलोमीटर दुतर्फा सरू आहेत. जोझुए कार्दुच्ची या नोबेल मिळालेल्या कवीने त्यांच्यावर कविता लिहिली, म्हणून इटलीत शाळकरी मुलांनाही हा रस्ता माहीत असतो. त्याच रांगांत खिंडारं पडू लागली.

साथीला एका भुंगेऱ्याचाही हातभार लागला. तो अंडी घालतो आजारी झाडाच्या सालीखाली, पण नव्या पिढीचे भुंगेरे पोट भरायला निरोगी झाडाच्या कोवळ्या डहाळ्यांवर जातात. अंगाला चिकटलेले बीजाणू आणि कुरतडून केलेली जखम, दोन्ही एकाच फेरीत पोचतं. म्हणून वाळलेलं झाड नुसतं तोडून भागत नाही, ते लगेच हलवून जाळावं लागतं.

फवारणीने सालीच्या आत गेलेली बुरशी मरत नाही. फ्लोरेन्सच्या संशोधकांनी, त्यांत पाओलो राद्दी हे अग्रणी, दुसरी वाट धरली. सरूच्या रोपांना मुद्दाम जखम करून त्यात बुरशी घालायची आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. बहुतेक रोपं मरत. शंभरांत एखाद-दुसरं जखमेभोवती नवी साल बांधून बुरशीला कोंडून टाकी. अशा झाडांच्या कलमांतून ‘बोलगेरी’, ‘फ्लोरेन्शिया’, ‘एत्रूरिया’ असे वाण पुढे आले. एका माणसाच्या उमेदीचा सगळा काळ खाणारं हे काम आहे आणि झाडांच्या वैद्यकीत याहून मोलाचं काम मला तरी आठवत नाही.

आफ्रिकेत संकट वेगळं आलं. 1986 मध्ये मलावीत सरूवरचा मावा सापडला आणि 1990 पर्यंत केनियात पोचला. तिथं मेक्सिकोकडच्या सरूच्या मैलोन् मैल लागवडी होत्या, सगळ्या एकाच जातीच्या. या माव्याची लाळच झाडाला बाधते, त्यामुळे थोड्या किड्यांनीही मोठ्या फांद्या वाळतात. मलावीतल्या मुलांजे डोंगरावरच्या स्थानिक वृक्षालाही त्याने सोडलं नाही. उपाय म्हणून माव्याच्या अंगात अंडी घालणारी एक बारीक गांधीलमाशी सोडली गेली.

कारणं इतकी निराळी, पण झाड दाखवतं एकच रंग, तपकिरी. म्हणून तो कुठून सुरू झाला हे आधी बघावं. खोडालगतची जुनी पानं तेवढी तपकिरी होऊन गळत असतील तर ते वयाचं गळणं आहे, काळजी नको. मधूनच एखादी फांदी विटकरी झाली आणि तिच्या बुडाशी राळ असेल तर वर सांगितलेला रोग. कोरड्या हवेत डागाच्या बऱ्याच खाली कापावं, दर कापानंतर कात्री स्पिरिटने पुसावी. आतली पानं वाळताहेत, डहाळ्या चिकट आणि काळपट आहेत, तर मावा शोधावा. फांदी पांढऱ्या कागदावर झटकली आणि ठिपके चालू लागले तर ती कोळी कीड. आणि सबंध झाडच निस्तेज, पिवळट होत चाललं असेल तर मुळाशी उकरावं. तिथं पाणी साचलेलं असतं आणि मुळं कुजलेली.

आपल्याकडे हे शेवटचंच जास्त दिसतं. नर्सरीत मिळणारं लिंबासारख्या वासाचं, पोपटी-पिवळं ‘गोल्डक्रेस्ट’ म्हणजे त्या माँटेरे सरूचाच एक वाण. काळ्या चिकण मातीत आणि चार महिन्यांच्या पावसात ते टिकणं कठीण. कुंडीत लावायचं तर निचऱ्याची माती हवी, सकाळचं ऊन आणि दुपारची सावली हवी, खाली पाण्याची बशी नको. उलट, उन्हाळ्यात कुंडी एकदा जरी पूर्ण सुकली तरी तपकिरी झालेली पानं पुन्हा हिरवी होत नाहीत. आणि जुन्या, पानं झडलेल्या लाकडाला सरू सहसा नवा फुटवा देत नाही, त्यामुळे छाटणी नेहमी हिरव्या भागातच थांबवावी.